व्यायाम: नाही

मी परभणीत घरी बसून जे काम करतो, ते शेजाऱ्यांना मला अजून नीट सांगता आलेलं नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांमध्ये रुग्णांचे स्कॅन काढतात. नाव-गाव पुसून, नुसता क्रमांक लावून ते आमच्याकडे येतात. स्कॅन नियमाप्रमाणे काढलाय का, हे मी तपासतो आणि पास करतो. मग डॉक्टर तो वाचतात. त्यांचे आकडे परत माझ्याकडे आले की मी आलेख करतो. रोगाबद्दल मत देणं माझं काम नाही आणि मी ते देतही नाही.

गेल्या कापसाच्या हंगामात एका कर्करोगावरच्या औषधाचं काम चालू होतं. या स्कॅनआधी रुग्णाला किंचित किरणोत्सारी साखर टोचतात. ज्या पेशी जास्त साखर खातात त्या चित्रात उजळ दिसतात. रोगाच्या गाठी खादाड असतात, म्हणून पेटलेल्या दिसतात. औषध लागू पडलं की विझत जातात. आलेखात प्रत्येक रुग्णाची एक आडवी पट्टी असते. औषध चालू आहे तोवर पट्टीच्या टोकाला बाण असतो. औषध बंद झालं की बाण काढायचा आणि पट्टी तिथंच संपवायची.

एका बाईंच्या गाठी तीन स्कॅनमध्ये जवळपास विझल्या होत्या. वय बेचाळीस, एवढंच मला त्यांच्याबद्दल ठाऊक. चौथ्या स्कॅनमध्ये डॉक्टरांनी उजव्या काखेजवळ नवा उजळ ठिपका नोंदवला. नवा ठिपका म्हणजे रोग परतला आणि रोग परतला की औषध बंद, असा नियम. ती पट्टी संपवायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी जेवण उरकून बसू, असं मी ठरवलं.

आदल्या दिवशी बायको चुडाव्याला भावाच्या शेतात कापूस वेचायला गेली होती. मजूर मिळेनात म्हणून त्यानं बोलावलं होतं. सकाळी तिनं परात माझ्यापुढं सरकवली.

"आज कणीक तुमी मळा."

"का गं?"

"का म्हंजे? हात वर होईना गेलाय. खांदे भरून आलेत. अन् हितं बघा, अंगठ्याच्या बुडाशी लय ठणकायलंय. दोन्ही हातांत."

"एका दिवसात?"

"या की एकदा वेचायला. तुमी दुपारपर्यंत बोंडंच मोजीत बसताल."

मी कणीक मळली. पाणी जास्त झालं. "पाण्याचं माप न्हाई का तुमच्या कंप्युटरात?" म्हणून तिनं वरून पीठ टाकलं. माझं लक्ष तिच्या बोलण्याकडं नव्हतं. त्या बाईंच्या स्कॅनमध्येही दोन्ही खांदे, दोन्ही दंड-मनगटांमधले स्नायू आणि दोन्ही अंगठ्यांची बुडं उजळ होती. ते मी पाहिलं होतं. राबलेले स्नायूही साखर खातात आणि चित्रात गाठीसारखेच उजळतात, म्हणूनच स्कॅनआधी दोन दिवस श्रम करू नयेत असा नियम आहे. फॉर्मवर प्रश्न होता: गेल्या दोन दिवसांत व्यायाम केला का? उत्तर होतं: नाही. त्या 'नाही'वर मी स्कॅन पास केला होता.

हात धुऊन मी आत गेलो. स्क्रीन घरात कुणाला दाखवायची नाही, म्हणून दार लावलं. उजळपणा पुन्हा मोजला. उजवा खांदा ४.६, डावा ४.४. अंगठ्यांमध्ये त्याहूनही कमी फरक. श्रमाची खूण अशीच दोन्हीकडं सारखी उमटते. मी पुण्याला आमच्या वरिष्ठ मॅडमना फोन लावला.

"पास कुणी केलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"मग आता काय दिसलं?"

"तेव्हाही दिसलं होतं, मॅडम. फॉर्म 'नाही' म्हणत होता, मी फॉर्म धरला. चूक माझी आहे."

"तुम्ही डॉक्टरांच्या निदानावर शंका घेताय?"

"नाही. रुग्णाच्या तयारीवर घेतोय. तेवढा माझा अधिकार आहे."

मॅडम म्हणाल्या, "लेखी विचारा. आणि उत्तर तुम्हीच सुचवू नका."

तेच अवघड होतं. 'कापूस वेचला का?' असं बोटांवर आलं होतं. पण त्या बाई कुठल्या, काय करतात, मला काय माहीत? मी स्कॅन काढलेल्या दवाखान्याला लिहिलं: स्कॅनआधीच्या दोन दिवसांत रुग्णानं सकाळपासून काय काय केलं, ते त्यांच्याच शब्दांत कळवावं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरचं उत्तर आलं. बाईंचं बोलणं तिनं जसंच्या तसं टाईप केलं होतं: "व्यायाम कशाचा? आमी काय पैलवान हाव का? कापूस वेचायला गेलते."

मॅडमनी पट्टी थांबवून ठेवायला सांगितलं आणि पाच दिवस काम न करता स्कॅन पुन्हा काढा, असं कळवलं. बाई तयार होईनात. वेचणीच्या दिवसांत पाच दिवस घरी कोण बसतं, हा त्यांचा प्रश्न. मला त्यांचा राग आला नाही. बिनकामाचे दोन दिवस माणसाकडं असतातच, असं धरून आम्ही तो फॉर्म केला होता. शेवटी सिस्टरनं त्यांना समजावलं की औषध चालू राहणं या पाच दिवसांवर आहे. तेव्हा त्या बसल्या.

नवा स्कॅन आला. मी आधी काख बघितली. तसं करायला नको होतं, पण केलं. मग पहिल्या कलमापासून सगळं तपासलं, साखरेची वेळ, वजन, विश्रांती, आणि पास केलं. चित्रात या वेळी खांदे-अंगठे उजळ नव्हते. पुढचे दोन दिवस मी दुसरी कामं केली आणि मधून मधून तोच क्रमांक उघडून पाहिला.

डॉक्टरांनी आधीचं निदान स्वतः बदललं. काखेजवळ नवीन काही नाही. पोटातली एक जुनी गाठ अजून मंद उजळ होती, आधी होती तेवढीच. बाई बऱ्या झाल्या, असं मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही.

फॉर्मवरचा प्रश्न बदलावा, असं मी मॅडमना लिहिलं आहे. चाचणीच्या समितीकडून मंजुरी यायची आहे.

त्या शुक्रवारी बाईंना पुढचा डोस दिल्याची नोंद आली. मी तारीख ठरलेल्या तारखेशी ताडून पाहिली आणि पट्टी तेवढी पुढं वाढवली. टोकाला बाण होताच.