एकशे बाराव्या पानावरची पिन

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वाचनालयात पुस्तकं द्यायच्या-घ्यायच्या टेबलावर बसतात. एक जास्तीचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. नवं पुस्तक आलं की मागच्या कव्हरच्या आत अभिप्रायाची चिठ्ठी चिकटवायची. "खुनी चाळिसाव्या पानावर कळतो, तरी वाचा." "कविता बऱ्या, कवीचा फोटो जास्त बरा." लोक आधी चिठ्ठी वाचायचे, मग पुस्तक न्यायचे.

आता खरं सांगून टाकते. भावोजींना पाचव्या पानावर झोप लागते. वाचायची ती आमची ताई. रहस्यकथा, प्रवासवर्णनं, चरित्रं, अगदी मधमाश्या पाळायचं पुस्तकही तिने सोडलं नाही. मटार सोलता सोलता ती बोलायची आणि भावोजी मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घ्यायचे.

"डोकं तिचं आणि कौतुक तुमचं. मजा आहे बाई एका माणसाची," मी चिडवायची.

"मेहुणीबाई, हळू बोला. भिंतीपलीकडे सभासद राहतात."

गेल्या हिवाळ्यात ताई गेली. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पुस्तकात एकच चिठ्ठी, "चांगलं आहे."

एक निवृत्त मास्तर टेबलाशी येऊन म्हणाले, "अहो, भुताची कादंबरीही चांगली आणि मूळव्याधीवरचं पुस्तकही चांगलं? त्यापेक्षा चिठ्ठ्या बंद करा की."

हे कळल्यावर मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. भावोजी खुर्चीत ताठ बसलेले, हातात जाडजूड कादंबरी.

"चिठ्ठ्या बंद केल्या तर ती तिथूनही जाईल गं," ते म्हणाले. "म्हणून स्वतःच वाचायला घेतलं."

"आणि झोप?"

"आता येतेय कुठे."

"कितवं पान?"

"एकशे बारा." पानात ताईची केसांची पिन होती.

"मग उलटा की पुढचं."

"तिचं इथपर्यंतच झालं होतं."

मी उठून चहा टाकला. दोघांनीही तो प्यायला नाही.

आठवड्याने ती कादंबरी वाचनालयाच्या कपाटात लागली. आत चिठ्ठी होती, त्याच मोत्यासारख्या अक्षरात: "एकशे बारा पानांपर्यंत फार सुंदर. पुढचं आम्ही वाचलेलं नाही. वाचकांनी कृपया पिन काढू नये."

आतापर्यंत सहा जणांनी ती नेऊन परत केली, त्यात मास्तरही आले. पिन जागच्या जागी आहे.