तिसरी पेटी आणि पाण्याकडचं शेत

अलिबागच्या एका इस्पितळात नेटवर्क सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. तिथल्या थंड खोलीत सर्व्हरच्या तीन पेट्या एकमेकींना जोडलेल्या असतात. तिघींनी मिळून भार उचलायचा, एक दमली तर दुसरीने पुढे व्हायचं. त्या दुपारी तिसरी बिघडली. मी जन्माची उतावळी. बंद करून पुन्हा सुरू केली. ती परत तिघींत आली आणि बाकीच्या दोघींनाही घेऊन बुडाली. खाली रिपोर्टसाठी रांग लागली. मी पुन्हा तेच केलं, पुन्हा तेच झालं.

तिसऱ्यांदा पेटी आपणहून बाजूला झाली. दुरुस्त न होणारा बिघाड असला की तिने असंच वागायचं असतं. दिवे चालू, आठवण शाबूत, पण काम घ्यायचं नाही, दोघींत मिसळायचं नाही, दुरून हाक आली तर ओ द्यायची नाही. शेजारी बसून केबल जोडली तरच काय झालं ते ती सांगते. दोघींनी तिचा भार घेतला, रांग हलली. मी केबल धरून जमिनीवर बसून राहिले, आणि पंख्यांच्या घुईघुईत मला खारेपाटातलं आमचं शेत दिसायला लागलं.

मी दुसरीत असताना उधाणाने खाडीचा बांध फुटला. त्याआधी मला टायफॉईड झाला होता. त्यातली फक्त ग्लुकोजची बिस्किटं आठवतात. बांधाला खांड पडल्यावर बाबांनी गाव गोळा करून आत नवा बांध घातला, तो आमचं शेत बाहेर, पाण्याकडे ठेवून. सगळ्यांचं भात वाचलं. आमच्या शेतात नुसतं आभाळ दिसायचं. गावासाठी घरचं बुडवणारा माणूस, म्हणून मी बाबांवर राग धरला तो नोकरी लागली तरी सोडला नाही. मी त्यांना रोज फोन करायचे, "जेवलास का?" विचारायचे. "व्हय," एवढंच उत्तर यायचं. शेताचा विषय दोघंही काढत नसू.

पेटी बिघडली त्या संध्याकाळी मी फोन न करता गावी गेले. बाबा बांधावर होते. मी चपला काढून शेजारी बसले. बगळे पाण्यातल्या आपल्याच सावलीवर पाय ठेवत चालले होते.

"बाबा, आपलाच शेत भायेर का ठेवलास?"

"खांड आपल्याच वाटनीच्या बांधाला पडली व्हती," ते म्हणाले. "त्या साली माती घालाची ऱ्हायली माझी. मंग दुसऱ्याचा भात कशाला बुडवाचा?"

बांधाला माती घालायचं बाबा विसरतील, हे मला खरं वाटेना. "ऱ्हायली कशी?"

ते पाण्याकडेच बघत होते. "तुला घेऊन इस्पितळात व्हतो."

इतक्या वर्षांचा राग कुठे ठेवू ते कळेना. "गावाला ठाव हाय ह्या?"

"गावाला तवाच सांगितला," बाबा म्हणाले. "तुला तेवढा न्हाय सांगितला."