नंबर प्लेटवरचे फडके

कोणत्याही ट्रकला हात लावण्याआधी चाचा त्याची नंबर प्लेट झाकत. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी फडकी होती. हात पुसायची फडकी तेलाने काळी होऊन कोपऱ्यात पडलेली असत. ही दोन मात्र धुतलेली, जुन्या निळ्या लुंगीतून चौकोनी फाडलेली. समोरची प्लेट झाकून झाली की ते मागे जात आणि मागची झाकत. मग दारावर रंगवलेले मालकाचे नाव आणि मोबाइल नंबर यांवर वर्तमानपत्र चिकटवत. ते बहुधा मी ज्यात काम करी तेच असे. इंजिन उचलायच्या साखळीच्या आकड्याला तारेने बांधलेला मोबाइल त्यानंतर सुरू होई. त्याच्या चौकटीत दोनच गोष्टी येत: यंत्र आणि चाचांचे हात.

वणीहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक रांगेने उभे असतात, त्या बाजूला त्यांचे टिनाचे गॅरेज होते. दर शनिवारी ते ट्रकदुरुस्तीचा एक व्हिडिओ टाकत. ओडिशापासून राजस्थानपर्यंतचे ड्रायव्हर आणि मिस्त्री तो पाहत. त्यांना या माणसाचे नाव, गाव, वय, चेहरा, काहीच माहीत नव्हते. ते त्यांना ‘हाथवाले उस्ताद’ म्हणत. वणीत ते नुसते चाचा होते.

मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा वणीचा बातमीदार होतो. चाचांवर बातमी करावी म्हणून गेलो. त्यांनी चहा मागवला आणि मी काय काय लिहिणार ते विचारले. मी सांगितले: नाव, वय, शिक्षण, घरी कोण कोण, सुरुवात कशी झाली, एक फोटो. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

“मंग गिअरबॉक्सचं काय लिवान?” ते म्हणाले.

फोटोशिवाय बातमी घेता येणार नाही, असे यवतमाळच्या डेस्कने कळवले. बातमी झाली नाही. माझे जाणे मात्र सुरू राहिले. वणीत मी खोली घेऊन एकटा राहत होतो. चाचांच्या गॅरेजमध्ये न बोलता तासभर बसता येत असे, एवढे कारण मला पुरेसे होते.

फडक्यामागची गोष्ट त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितली. व्हिडिओ नवे होते, तेव्हा ते काही झाकत नसत. एका ड्रायव्हरची क्लच प्लेट जळाली. चूक त्याचीच होती, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय. मालकाला त्याने फोनवर सांगितले की गाडी खाणीवर रांगेत आहे. दुरुस्ती करून, माल पोहोचवून, परत आल्यावर मालकासमोर उभे राहून खरे सांगायचे, असा त्याचा विचार होता. चाचांनी त्या कामाचा व्हिडिओ टाकला. त्याच संध्याकाळी मालकाने तो पाहिला, नंबरासकट. दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर गाडी न्यायला आला. जुन्याने केबिनमधून आपले अंथरूण, स्टोव्ह आणि देवाची तसबीर खाली काढली. चाचा समोरच उभे होते. तो रागावला नाही.

“चाचा, मी सांगनारच होतो,” तो म्हणाला. “माह्या तोंडानं.”

चाचांनी व्हिडिओ लगेच काढून टाकला. “पन काढून काय होते?” ते मला म्हणाले. “पाहेल मानसाच्या डोक्यातून तं निघत नाई.” त्या दिवशी त्यांनी जुनी लुंगी फाडली. पुढे त्यांचे एक वाक्यच झाले होते: “ज्याची खबर, त्याचं तोंड.” माझा व्यवसाय नेमका याच्या उलट चालतो. हे त्यांना माहीत होते आणि ते मला अधूनमधून ऐकवतही असत.

मी स्वतः त्या काळात दिसेल ते फेसबुकवर टाकत असे. एकदा गावी निघताना बसच्या खिडकीतला फोटो टाकला, चार दिवस वणीबाहेर आहे असेही लिहिले. परत आल्यावर चाचांनी चहाचा पेला पुढे केला आणि शांतपणे म्हणाले, “घराले कुलूप लावलं पत्रकार साहेबानं. चावी फेसबुकवर ठेवली.” शेजारचा पंक्चरवाला आठवडाभर माझ्याकडे चावी मागत होता.

दुपारच्या जेवणानंतर ते प्रतिक्रिया पाहत. टायपिंग जमत नसे, म्हणून मोबाइलसमोर बोलत आणि उमटलेला मजकूर दोनदा वाचून मगच पाठवत. यंत्राविषयी विचारले की उत्तर मिळे, मग विचारणारा कितीही अडाणी असो वा उर्मट. चेहरा दाखवा, कुठले तुम्ही, नाव काय, या प्रश्नांना उत्तर नसे. नाव विचारणाऱ्यांपैकी काहींना नावापेक्षा वेगळेच काही जाणून घ्यायचे असे. चाचांना ते कळत होते. “नावानं काय नट ढिला होते?” एवढेच ते म्हणत आणि पुढचा प्रश्न वाचत. शिव्या आल्या तरी उलट लिहिले नाही. इंजिन ऑइलच्या एका विक्रेत्याने व्हिडिओत डबा हातात धरायला सांगितले, तेव्हा ते तेल आपण कोणाच्या गाडीत घालत नाही, एवढे सांगून त्याला चहा पाजून पाठवले.

चाची वारल्या त्या आठवड्यात शनिवारचा व्हिडिओ आला नाही. खाली प्रश्न सुरू झाले. उस्ताद झोपले का, उस्ताद मोठे झाले, आता भाव खातात, असे कोणीकोणी लिहिले. चाचांनी एक ओळ टाकली: ‘पुढल्या शनिवारी.’ पुढल्या शनिवारी नोझल साफ करायचा व्हिडिओ आला. हात तेच, आवाज तोच. मी त्यांना म्हणालो की लोकांना सांगितले असते तर चार चांगले शब्द आले असते. ते म्हणाले, “मयताले आले ते आले. बाकीच्याले तिनं बोलावलं नवतं.” त्यानंतर ते गॅरेजच्याच मागच्या खोलीत राहू लागले. घराला कुलूप होते.

मुलगा मस्कतला एका वर्कशॉपमध्ये होता. आईच्या मातीला त्याला पोहोचता आले नाही. तो शुक्रवारी नमाजनंतर फोन करी. दोघेही कमी बोलणारे, फोन लवकर संपे. जेवलात का, जेवलो. पाऊस आहे का, नाही. तो व्हिडिओ पाहतो का, असे मी एकदा विचारले. चाचा म्हणाले, “तो कायले पाहीन? दिवसभर तेच करते.” मुलाने कधी व्हिडिओचे नाव काढले नव्हते, खाली कधी एक शब्द लिहिला नव्हता.

मुलगा चाचांच्याच हाताखाली शिकलेला. चाचा बिघाड कानाने शोधत. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. कोणते बेअरिंग गेले, ते गाडी उघडण्याआधी सांगत. मुलाला त्यांनी आधी हेच शिकवले होते. “डोये फसवते,” ते म्हणत. “लोखंड खोटं नाई बोलत.”

उजवा हात थरथरतो, हे मला प्रथम कळले ते त्यांनी स्वतः सांगितले म्हणून. माझी तोवर यवतमाळच्या डेस्कवर बदली झाली होती. सुटीच्या दिवशी मी बसने वणीला जात असे. त्यांनी चहा घेताना पेला डाव्या हातात घेतला, उजवा पुढे केला आणि मला पाहू दिला. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला होता, वाढत जाणारा.

“पोट्ट्याले फोनवर सांगतलं, तं तो उद्या बॅग भरते,” ते म्हणाले. “अजून दोन वर्सानं फोरमन होनार हाय तो. ईदले येनार हाय. समोर बसवून सांगीन, मंग वापस पाठवीन.”

व्हिडिओ एकदम थांबवले तर गावातून कोणीतरी विचारणार, बातमी मस्कतला पोहोचणार. म्हणून व्हिडिओ सुरू ठेवायचे आणि हात थरथरतो तेवढा भाग मी कापायचा, असे ठरले. ईद चार महिन्यांवर होती. चाचा चित्रण मोबाइलवर पाठवत, मी कापून परत पाठवी. काम अवघड नव्हते. बोल्ट कसताना, सुटे भाग बसवताना हात दिसे. ते सगळे जाई. राही ते गिअर, चेंबर, उघडे इंजिन आणि चाचांचा आवाज. व्हिडिओ आखूड होत गेले. उस्ताद आता हातचे राखून शिकवतात, अशी तक्रार सुरू झाली. पुढे पैसे मागतील, असेही एकाने लिहिले. चाचांनी ते वाचले आणि मोबाइल उपडा ठेवला. हातचे राखण्याचा हा आरोप त्यांना लागला होता, पण उत्तर दिले असते तर कारण द्यावे लागले असते.

ईदला पाच आठवडे उरले असतानाची गोष्ट. एका व्हिडिओत शेवटी गिअरबॉक्सचा दातरा, म्हणजे दातेरी चाक, जमिनीवर ठेवलेला दिसत होता. हात चौकटीबाहेर होता. दातरा कुठे झिजतो, हे चाचा सांगत होते. मी तो तुकडा तीनदा पाहिला. काही हलत नव्हते. मी व्हिडिओ पाठवून दिला.

मी व्हिडिओ आवाज बंद ठेवून पाहिला होता. डेस्कवर मोबाइलचा आवाज बंद ठेवायचा नियम आहे, आणि मला सगळे चित्रात आणि अक्षरांत तपासायची सवय. चाचांच्या बोलण्यामागे, चौकटीबाहेर, हातातला पाना ट्रकच्या लोखंडाला टेकला होता आणि बारीक वाजत होता. टिकटिक, एकसारखी, अकरा सेकंद. हजारो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. कोणी काही लिहिले नाही.

शनिवारी संध्याकाळी मस्कतहून फोन आला. फोनचा वार शनिवार नव्हता. मुलाने जेवलात का विचारले नाही.

“अब्बा, गाडी तो बंद थी,” तो म्हणाला. “फिर पाना कायको बज रहा था?”

हे चाचांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले. सुटी होती, मी पहिल्या बसने गेलो होतो. चूक माझी होती, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

“तुमी पाहून राह्यले होते,” ते म्हणाले. “तो आयकून राह्यला होता.”

मुलगा पहिल्यापासूनचा प्रत्येक व्हिडिओ पाहत आला होता, हे त्या फोनवर निघाले. शनिवारी सुटल्यावर, खोलीत, कानाला लावून. काही महिन्यांपासून हात दिसेनासे झाले, तेव्हापासून तो जास्त लक्ष देऊन ऐकत होता. इतकी वर्षे त्याने सांगितले नाही आणि चाचांनी विचारले नाही. मी त्यांना विचारले की मग तुम्ही त्याला काय म्हणालात.

“मी सांगनारच होतो म्हनलं,” चाचा म्हणाले. त्या ड्रायव्हरचे पुढचे दोन शब्द त्यांनी उच्चारले नाहीत.

मुलगा ईदच्या आधीच आला, नोकरी सोडून. आठ दिवसांत त्याने गॅरेज आवरले. जड अवजारे पंक्चरवाल्याने घेतली. मुलगा नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये लागणार होता, चाचांना घेऊन तिथेच राहणार होता. फोरमनचा विषय बापलेकांपैकी कोणी माझ्यासमोर काढला नाही. दोघे पाने पुसून पेटीत भरत होते. मुलगा वडिलांच्या हाताकडे पाहत नव्हता, तरी हात थरथरला की त्याचा हात थांबत असे.

चॅनेलवर काय लिहायचे, याचा मसुदा मी केला. पाच ओळींचा होता. प्रकृतीचे कारण, इतक्या वर्षांचे प्रेम, सर्वांचे आभार. चाचांनी मला तो मोठ्याने वाचायला लावला. कारण आधी काढले. मग प्रेम. आभारावर ते जरा थांबले आणि तेही काढले. एवढे संपादन डेस्कवर मी कोणाकडून पाहिलेले नाही. उरले ते असे: ‘काम बंद आहे. जुने व्हिडिओ पाहा.’

त्याखाली अजून रोज काही ना काही येते. काय झाले उस्ताद, जिवंत आहात ना, एकदा तरी चेहरा दाखवा. त्यांना उत्तर जात नाही. कोणी क्लचबद्दल विचारले तर मात्र दुपारी, जेवणानंतरच्या वेळेला, नागपूरहून एक ओळ येते. ती वाचून मला कळते की आज बरे आहे.

हे लिहिण्याआधी मी फोन केला. ते म्हणाले, “लिवा. फडकं टाकून लिवा.” म्हणून नाव नाही, चॅनेलचे नाव नाही, आजाराचे नाव नाही. वणीत ज्यांना माहीत आहे त्यांनीही ते इतरांना सांगू नये.

त्यांच्या चेहऱ्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही. कापलेले तुकडे पुसून टाकायला त्यांनी सांगितले होते आणि मी हो म्हणालो होतो. ते अजून मोबाइलमध्ये आहेत, दुसऱ्या कोणी पाहिलेले नाहीत. खोलीवर असलो की कधीतरी लावतो, आवाज सुरू ठेवून. एका तुकड्यात चाचा बोल्टवर पाना टेकवून हात थांबण्याची वाट पाहतात. बोलत नाहीत. पाना वाजत राहतो. मग रस्त्यावरून कोळशाचा ट्रक जातो आणि त्या घरघरीत तो ऐकू येईनासा होतो. ट्रक लांब जातो. पुन्हा ऐकू येतो.