लॉनवर चार खुंटे

मी तोंडावर पडले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तोंडात माती. खालचा ओठ दाताने फाटलेला. कॉलेजच्या हिरव्यागार नव्या लॉनवर मी खुर्चीसकट पालथी. बसून गोळाफेक करणाऱ्याच्या मांड्या खुर्चीला पट्ट्यांनी आवळलेल्या असतात, त्यामुळे पडताना सुटता येत नाही. गोळा हातभर पुढे पडला असेल. कोणी अंतर मोजलं नाही. मंडपातून प्राचार्यांचा आवाज माइकवर आला, "पडली, पण हरली नाही." टाळ्या आणखी वाढल्या.

दोन मुलांनी मला खुर्चीसकट उचलून कॉलेजच्या तपासणीला आलेल्या पाहुण्यांकडे तोंड करून ठेवलं. आमचे क्रीडाशिक्षक वाकले, कानाशी म्हणाले, "ओठ पूस अन् थोडी हस."

मी हसले. पडल्याची नाही, त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

ही लोखंडी खुर्ची जमिनीला बांधावी लागते. चार बाजूंना चार खुंटे, चार दोर. नाहीतर फेकीच्या जोराने ती पुढे उलटते. हे शाळकरी पोरालाही समजेल. त्या सकाळी मी खुंटे मागितले, तेव्हा हेच क्रीडाशिक्षक, आमचे सर, म्हणाले, "आज खुंटे नको ठोकू बेटा. लॉन नवीन हाय. एकच त फेक हाय, फोटोपुरती."

आणि मी ऐकलं. सर म्हणाले म्हणून ऐकलं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर कुबडी उगारली असती.

हे सर माझ्यासाठी कोण होते ते सांगायला हवं. माझे दोन्ही पाय जन्मापासून लुळे. सावंगीच्या दवाखान्यापासून गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यापर्यंत माय-बानं मला सगळीकडे नेलं, आणि जिथे गेले तिथे प्रत्येकाने माझे पायच पाहिले. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सगळी मुलं मैदानावर आणि मी पायरीवर बसलेली. सर आले, माझे खांदे पाहिले आणि हातात गोळा दिला. खांदे पाहणारा तो पहिला माणूस. तेही आमच्यासारखे समुद्रपूरकडचेच, माझ्याशी आमच्याच बोलीत बोलायचे. आमच्या घरी आले, अंगणात बसून भाकर खाल्ली, काडीने मातीत खुर्चीचं चित्र काढलं. वेल्डरकडून बाने ती बनवून घेतली.

दोर बांधायची गाठही बाचीच. कापसाने भरलेल्या बैलबंडीवर दोर आवळताना मारतात ती. ओढ बसली की आणखी घट्ट होते. सर म्हणाले, काका, ही गाठ मले बी शिकवा. बाने शिकवली. सर तीनदा चुकले, चौथ्यांदा जमली. त्या दिवसापासून दोन वर्षं माझी खुर्ची सरांनीच बांधली. मी कधी शिकले नाही. सर होते ना. गरजच काय होती?

हीच माझी चूक.

ओठाला दोन टाके पडले. तिसऱ्या दिवशी सरांनी मला क्रीडा विभागात बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी. एक माझा, विद्यापीठाच्या निवड चाचणीचा फॉर्म. त्यावर सरांची सही हवी होती आणि तो त्याच दिवशी जायचा होता. दोन वर्षं रोज सकाळी मी त्याच एका दिवसासाठी गोळा फेकला होता. दुसरा कागद टाइप केलेला, माझ्या नावाने. महाविद्यालयाने मला सर्व सोयी दिल्या. कार्यक्रमात पूर्ण काळजी घेतली होती. अतिउत्साहाच्या भरात माझा तोल गेला. खाली सहीला जागा.

सर म्हणाले, "तुया फॉर्मवर मी सही करतो, माया कागदावर तू कर."

मी तो कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "सर, माया बाची गाठ तुमाले येत होती न?"

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवला. मग हळू आवाजात म्हणाले, "प्राचार्यांनी नाई म्हटलं होतं. मी कंत्राटी हाव बेटा."

मला त्यांची कीव आली. खरंच आली. आणि लगेच माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली. कारण कीव काय असते ते मला चांगलं ठाऊक आहे, आयुष्यभर तीच तर खाल्ली आहे. प्राचार्य माझे कोणी नव्हते, त्यांच्याकडून विश्वासघात कसला? हा माणूस माझ्या घरी जेवला होता. त्याच्या हातांना ती गाठ येत होती, आणि त्याने ते हात खिशात घातले.

मी पेन घेतला. टाइप केलेल्या मजकुराखाली मोठ्या अक्षरात लिहिलं, खुर्ची बांधू दिली नाही म्हणून मी पडले. त्याखाली सही केली आणि कुबड्या घेऊन उठले. सरांनी दोनदा हाक मारली. मी वळले नाही.

माझा फॉर्म गेला नाही. चाचणी झाली, माझ्याशिवाय झाली.

बाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "करून टाकाची होती वं सही. काऊन नाई केली?" ते सगळ्यात जास्त लागलं. मी म्हटलं, "बा, मले ते गाठ शिकव." त्या रविवारी घरी गेले. गोठ्यापुढे जमिनीवर बसून शिकले. सरांसारखीच तीनदा चुकले.

कॉलेजच्या फाटकावर आता भला मोठा फ्लेक्स लागला आहे. त्यात मी, फाटक्या ओठाने हसणारी, आणि वर लिहिलंय, पडली, पण हरली नाही. त्याच्या मागे मुख्य इमारतीच्या सोळा पायऱ्या आहेत. रॅम्प नाही.

काल सकाळी मी दोन मुलांकडून लॉनवर खुर्ची आणवली. सरकत सरकत चारही बाजूंना गेले आणि हातोडीने चार खुंटे ठोकले. दोर आवळले. शिपाईकाका धावत आले, लॉन खराब होऊन राह्यलं म्हणाले. मी म्हटलं, होऊ द्या. लांब, क्रीडा विभागाच्या खिडकीत सर उभे होते. त्यांनी पाहिलं. मी मांड्यांचे पट्टे ओढले आणि गोळा उचलला.

पुढच्या वर्षीचा फॉर्म मी सरांकडे नाही, सोळा पायऱ्या चढून थेट प्राचार्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. त्यावर सही होईपर्यंत खुर्ची लॉनवरच राहील. आणि माझी खुर्ची यापुढे दुसरं कोणी बांधणार नाही.