दोन सिंथेसायझर, आठ दिवस

सिंथेसायझर घ्यायचा हे ठरवायला मला दोन वर्षं लागली. कोणता घ्यायचा, हे त्यानंतरही ठरेना. दोन वर्षं मी या विषयावरचं मिळेल ते वाचत होतो. यावर लिहिणारी मंडळी जगभर आहेत आणि आपल्याकडे शोकसभेत दिवंगतांबद्दल जसं बोलतात, तसं ती यंत्राच्या आवाजाबद्दल लिहितात. एकाचा आवाज उबदार असतो, दुसऱ्याचा सायीसारखा दाट. ऊब आणि साय या दोन्ही गोष्टी माझ्या समजुतीप्रमाणे दुधाच्या. पण वाचता वाचता मलाही वाटायला लागलं की प्रत्यक्ष ऐकलं तर हा फरक आपल्याला नक्की कळेल. माझ्या कानावर माझा तेवढा विश्वास होता.

त्या विश्वासावर माझं पोटही होतं. मी गोंदियाबाहेरच्या एका राईस मिलमध्ये मॅनेजर आहे. पद मॅनेजरचं असलं तरी खरी नोकरी कानाची. मिल सुरू असताना पंधरा-वीस यंत्रं एकदम गरजत असतात. त्या गदारोळात नुसतं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन मी सांगायचो, धान सोलणाऱ्या शेलरचा रबर रोल झिजलाय, धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा पट्टा घसरतोय. मालक बाहेरच्या व्यापाऱ्यांना मुद्दाम आत आणून सांगायचे, "हमारे मैनेजर साहब कान से मिल चलाते हैं." मग मी मान किंचित तिरपी करून क्षणभर उभा राहायचो. तो मानेचा कोन मी आरशात ठरवला नव्हता, पण फार काही बाकीही ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी गोंदियालगतच्या फुलचूरच्या घरी मी लॅपटॉपवर संगीत करतो. संथ, शब्द नसलेलं. त्याला बायको ही एकच श्रोती, आणि तीही भिंत पातळ असल्यामुळे. माउसने आवाज घडवण्याचा मला कंटाळा आला होता. हाताने बटन फिरवावं आणि आवाज बदलावा, एवढीच इच्छा होती.

गोंदियात साउंड आणि लाइटचा धंदा करणारे एक गृहस्थ आहेत. कुठल्याशा ऑर्केस्ट्रासाठी त्यांनी दोन सिंथेसायझर मागवले होते. माल यायच्या आधीच ऑर्केस्ट्रा फुटला आणि खोकी तशीच पडून राहिली.

"भैया, दोनों ले जाओ," ते म्हणाले. "आठ दिन बजाओ. जो दिल को नहीं लगा, वापस."

"और दोनों लग गए तो?"

"तो मैं भाभी से बात करूँगा."

एक लहान होता. अडीच सप्तकांची पट्टी, एका वेळी एकच सूर, स्क्रीन नाही, वर तीसेक बटनं. दुसरा मोठा. त्यावर अनेक सूर एकदम वाजत आणि आत काय चाललंय याचं चित्र एका निळ्या स्क्रीनवर दिसे. दोघांतही कटऑफ नावाचं एक बटन होतं. मिलवाल्याला ते समजायला वेळ लागत नाही, ती आवाजाची चाळणी असते. बटन डावीकडे असलं की बारीक, तीक्ष्ण भाग अडतो आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. उजवीकडे फिरवत गेलं की चाळणी उघडत जाते आणि आवाज लख्ख होतो.

रविवारी दुपारी जेवणानंतर मी लहान्याचा एक सूर दाबून ठेवला आणि कटऑफ उघडायला लागलो. घड्याळाच्या काट्यासारखं धरलं तर बारापर्यंत आवाज सुंदर उघडत गेला. एक, दोनपर्यंतही ठीक. दोनच्या पुढे काहीच झालं नाही. बटन फिरत होतं, आवाज तिथंच. यंत्र म्हटलं की बिघाड आधी यंत्रात शोधायचा, ही आमच्या धंद्याची शिस्त. लहाना खराब आहे असं ठरवून मी मोठा लावला. त्याचं बटनही दोनच्या पुढे मेलेलं. स्क्रीनवर रेघ मात्र ऐटीत वर चढत होती. मी साउंडवाल्यांना एक सविस्तर, सभ्य आणि जरा बोचरा मेसेज लिहिला. त्यांचा फोन आला.

"भैया, एक जर्मनी का, एक जापान का. दोनों को एक ही बीमारी?"

"वाहतुकीत ओल लागली असेल."

"ओल क्या बटन देख के लगती है? दो बजे के बाद वाली जगह पे?"

मी त्यांना यंत्रांच्या बाबतीतला माझा अनुभव किती वर्षांचा आहे ते सांगितलं आणि खात्री करून घ्यायला फोन खांद्याशी धरून लहान्याचा सूर दाबला, बटन शेवटापर्यंत फिरवलं. तेवढ्यात बायको आली. ती बाहेरच्या खोलीत लाखोळीची भाजी निवडत बसली होती. एक कान तिने मनगटाने दाबून धरला होता, बोटांत अजून पानं होती.

"काऊन जी, कायले जीव घेऊन राह्यले? बंद करा ना ते."

"काय बंद करू? इथं नवीन काही वाजतच नाहीये."

"वाजत नाई? कानात कोनी सुई घालून राह्यलं असं वाटते. ते शिट्टी तुमाले आयकू नाई येऊन राह्यली?"

मी फोन ठेवला. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने पानं खाली ठेवली, हात पदराला पुसले, शिट्टी थांबेपर्यंत बटन मागं घेतलं आणि मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मागून ती सूर दाबणार होती आणि शिट्टी ऐकू येते का ते मी सांगायचं होतं. ती सासरी आली तेव्हापासून मी तिच्याशी अनेक विषयांत परीक्षकासारखा वागत आलो आहे. आज खुर्ची तिच्याकडे होती.

"आता?" तिने विचारलं.

"आहे."

"आता?"

"आहे की."

"आता?"

"हो, आहे शिट्टी. बारीक आहे."

मी वळलो. एका बोटाने तिने सूर दाबून धरला होता, दुसरा हात मांडीवर होता.

"तुमाले बसवल्यापासून मी बटनाले हातच नाई लावला," ती म्हणाली.

त्या दुपारी मी आणखी काही वाजवलं नाही. मला दिवाळीनंतरचा एक दिवस आठवत होता. ऐन हंगामात, नवं धान दारात उभं असताना, एलिव्हेटरचं वरचं बेअरिंग जाम झालं आणि मिल दिवसभर बंद राहिली. मिलचा मिस्त्री म्हणाला होता की बेअरिंग आठ दिवसांपासून ओरडत होतं. मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तुमी त रोज त्याच्याच खाली उभे राहत होते ना जी. मले वाटलं आयकून राह्यले." मला तो उद्धटपणा वाटला. मी त्याला एक तयार वाक्य ऐकवलं. वाक्य चांगलं होतं. लोक हसले होते.

सोमवारी मी मिलमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. मिल छान वाजत होती. कुठंच काही खटकत नव्हतं. गेली दोन-तीन वर्षं ती अशीच छान वाजत होती आणि मी ते माझ्या देखरेखीचं फळ समजत होतो. कुठलं यंत्र या क्षणी ओरडत असेल? मी प्रत्येकाला हात लावून बघत गेलो, तापलंय का, थरथरतंय का. पोरं बघत होती.

बुधवारी कानाच्या डॉक्टरांनी मला एका काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटन दिलं आणि आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. मी फार प्रामाणिकपणे वागलो, कारण इथं खोटं बोललो असतो तर ते पकडायलाही कोणी नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. कागदावर आलेली रेघ बराच वेळ सरळ चालत होती आणि मग टेकडीवरून घसरावी तशी खाली जात होती.

"मिलमध्ये किती वर्षं?"

"बावीस."

"कानात काही घालता?"

"नाही. मला ऐकायचं असतं."

डॉक्टर हसले नाहीत. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा, पुढं कमी झालं तर मशीन लावता येईल, असं ते म्हणाले.

गुरुवारी मी मिस्त्रीला बाजूला घेतलं.

"आज काय ऐकू येतं?"

त्याला हा प्रश्न आवडला नाही. "पॉलिशरचा पट्टा बोलून राह्यला जी थोडासा. काऊन?"

"मला येत नाही ऐकू."

"सर्दी झाली का जी?"

"सर्दी नाही. बारीक आवाज गेलेत माझे. त्या दिवशी बेअरिंगवरून तुला बोललो, ते माझं चुकलं."

तो पॉलिशरकडे वळला. मग म्हणाला, "मंग पट्टा आजच बदलवून टाकू का?" आणि पाना आणायला गेला.

शुक्रवारी मालक रायपूरच्या एका व्यापाऱ्याला घेऊन आत आले. माझी नेहमीची ओळख झाली. माझी मान आपोआप तिरपी व्हायला निघाली होती, ती मी सरळ केली. "अब सुनने का काम ये देखते हैं," मी मिस्त्रीकडे हात करून म्हटलं. मालक व्यापाऱ्याकडे वळून म्हणाले, "देखा? कितने विनम्र आदमी हैं." विनम्रपणाचा आरोप माझ्यावर पहिल्यांदाच होत होता. व्यापारी गेल्यावर मी ऑफिसात जाऊन डॉक्टरांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"सीजन के बाद देखते हैं," ते म्हणाले.

हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलंय, ते मला माहीत आहे. त्यामुळे त्याचा अर्थ विचारावा लागला नाही, आणि अर्थ नक्की कळलाय असंही म्हणता येत नाही. हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो.

राहता राहिला सिंथेसायझर. विचार केला तर निर्णय सोपा होता. मोठ्याच्या स्क्रीनवर रेघ दिसते. मला जे ऐकू येत नाही, ते तिथं वाचता येईल. वाचायची तर मला सवयच आहे. शनिवारी रात्रीच्या जेवणाला मी बायकोला सांगितलं की मोठा ठेवतो, लहाना परत. तिने ताटं उचलली.

रविवारी सकाळी मी अंघोळ करून आलो तर ती लहान्यासमोर नेलपॉलिशची बाटली घेऊन बसली होती.

"बसा. सूर दाबा," ती म्हणाली. "आन् फरक हरवला की सांगा. खरं सांगा."

मी कटऑफ हळूहळू उघडत गेलो. दोनच्या जरा पुढे आवाज बदलायचा थांबला. मी सांगितलं. तिने तिथं लाल टिंब दिलं. मग तिने स्वतः बटन पुढं नेलं, चेहरा वाकडा झाला तिथं थांबली, आणि दुसरं टिंब दिलं.

"याच्या पुढं जाऊ नका. या घरात मी बी राहतो."

"अगं, पण हा परत करायचाय."

"आठ दिवस तुमी हेच वाजवून राह्यले. त्या मोठ्याले त नुसते वाचून राह्यले."

दहाच्या सुमारास साउंडवाले आले. एकाच बीमारीबद्दल ते काहीच बोलले नाहीत, म्हणजे त्यांना कळलं होतं. गोंदिया तेवढंसं मोठं नाही. त्यांची नजर टिंबांवर गेली.

"अरे भाभी, ये तो आपने टीका लगा दिया. अब इसे वापस कैसे लूँ?"

"कोन देऊन राह्यलं वापस?" ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

त्यांनी मोठा खोक्यात भरला. मग खुर्ची ओढून बसले. "सुनाओ तो सही, क्या पसंद किया."

मी खालचा एक सूर दाबला. कटऑफ उघडत पहिल्या टिंबापर्यंत नेला. तिथवर माझं होतं. पुढं नेताना मी यंत्राकडे बघितलं नाही, साउंडवाल्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या, डोळे बारीक झाले, मान मागं सरकायला लागली. दुसऱ्या टिंबाच्या केसभर अलीकडे मी हात थांबवला.

"कैसा है?" मी विचारलं.