मास्तरांचा उजवा पाय

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसाचा उजवा पाय हा त्याच्या पोटापाण्याचा अवयव असतो. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो आणि हा पाय दिवसभर त्या ब्रेकवर मांजरासारखा दबा धरून बसलेला असतो. मास्तरांचा पाय या कामात इतका तरबेज झाला होता, की समोरून येणारी सायकल शिकाऊ माणसाला दिसायच्या आत गाडी थांबलेली असे. शिकाऊ माणसाला वाटे, आपणच थांबवली. तो खूश, सायकलवाला सुखरूप, एकूण सगळ्यांचं भलं. फक्त परीक्षेच्या गाडीत मास्तर नसत. तिथे त्यांचे विद्यार्थी धडाधड नापास होत आणि मास्तरांना त्याचं मनापासून आश्चर्य वाटे.

हे सगळं एका वर्षातलं होतं. त्याआधी मास्तर निवांत माणूस. पण गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी एका शाळेच्या कुंपणात घुसली. सुट्टीचा दिवस होता, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. कुंपण दुरुस्त झालं, गाडी दुरुस्त झाली. पाय तेवढा राहून गेला.

हा पाय बोलिंगच्या हॉलमध्ये येऊन घोटाळा करील, असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बोलिंग म्हणजे लेन नावाच्या लांब लाकडी पट्टीवरून जड बॉल घरंगळत सोडून टोकाला उभ्या दहा पिना पाडायच्या. मास्तर डावखुरे होते. डावखुरा माणूस बॉल सोडतो तेव्हा शेवटचं पाऊल उजवं पडतं आणि ते पाऊल फाउल लाइनच्या, म्हणजे ओलांडली तर बॉल बाद होतो त्या रेघेच्या, अलीकडे हातभर घसरत जावं लागतं. पाय घसरला तर खांदा खाली राहतो, बॉलच्या भोकातून अंगठा आधी सुटतो, बोटं मागून बॉलला फिरकी देतात आणि बॉल लोण्यावर ठेवल्यासारखा लेनवर उतरतो. पाय अडकला तर अंग पुढे हिसकलं जातं आणि बॉल धप्पकन आपटतो. मास्तरांचा बॉल वर्षभर धप्पकन आपटत होता.

त्यांच्या संघात तिघं खेळत. पहिला बेकरीवाला. तो बॉल असा फेकी, की पिना पडण्यापेक्षा पळून जाव्यात अशीच त्याची इच्छा असावी. मधे मास्तरांची वहिनी. चष्म्याच्या दुकानात काम करून तिला समोरच्या प्रत्येक माणसाकडे 'खालची ओळ वाचा' अशा नजरेने बघायची सवय लागली होती. संघाची कॅप्टन तीच. शेवटी मास्तर. शेवटची जागा पूर्वी मास्तरांच्या थोरल्या भावाची होती. त्याचा गुडघा कामातून गेल्यावर त्याने ती धाकट्याला दिली आणि स्वतः मागच्या खुर्चीवर बसून टीका करण्याचं काम पत्करलं. सामना अटीतटीला आला, की सगळा भार शेवटच्या माणसावर. घरात, कामावर, कुठेही मास्तरांवर कोणी इतका विश्वास टाकलेला नव्हता. म्हणून या जागेवर त्यांचा जीव होता.

उपांत्य सामना ते थोडक्यात जिंकले, तेही मास्तरांमुळे नव्हे, मास्तर असूनही. जोडे काढता काढता वहिनी म्हणाली, "भावोजी, एक सांगू? राग येईल."

"मग कशाला सांगता?"

"तुमचा पाय अडतोय. अंतिम सामन्याला अडला, तर शेवटची जागा बेकरीवाल्यांची, आणि संघात तुमच्याऐवजी त्यांचे जावई. सामना हरलो तरी मी बोलणार नाही. पण पाय अडला, तर जागा गेली."

बेकरीवाल्याचा जावई शेजारीच उभा होता. त्याची बॉलची पिशवी चाकांची होती. त्याने ती नम्रपणे थोडी मागे ओढली.

"जोड्याचा दोष आहे," मास्तर म्हणाले.

"जोडा कोणाचाय?" मागच्या खुर्चीवरून दादा म्हणाला.

मास्तरांनी जोड्याचा तळवा बदलून घेतला. मग तारेच्या ब्रशने घासला, मग पावडर लावून पाहिली. जोडा इतका गुळगुळीत झाला, की घालून न्हाणीघरात जाणं धोक्याचं ठरलं असतं. पाय मात्र लाइनजवळ आला की खिळा ठोकल्यासारखा थांबे.

त्यात अंतिम सामन्याच्या लेन अवघड असणार होत्या. लेनवर तेल असतं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. रोजच्या गिऱ्हाइकांसाठी हॉलचा मेकॅनिक मधे जास्त आणि कडेला कमी तेल टाकतो. मग बॉल मधे भरकटला तर तेलावरून सरळ राहतो, कडेला गेला तर कोरड्या भागावर वळून परत येतो. अशी लेन आजीसारखी. काहीही करा, पदराखाली घेते. सामन्याच्या लेनवर मात्र तेल या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखं. तिथे बोटभर चूक बोटभरच राहत नाही, पिनांपर्यंत जाता जाता वीतभर होते.

मेकॅनिकने ओळखीखातर सकाळी हॉल उघडायच्या आधी तशी एक लेन तयार करून दिली. मास्तर एकटेच खेळले. पहिला बॉल वळलाच नाही, तसाच डावीकडून निघून गेला. म्हणून पुढचा जास्त फिरवला, तर पायाने ब्रेक मारला, हात आडवा गेला आणि बॉल मधल्या पिनेला सलाम ठोकून लेनच्या कडेच्या उजव्या गटरमध्ये उतरला. नेहमीच्या लेनवर जे झाकलं जात होतं, ते इथे चव्हाट्यावर आलं. तासाभराने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि अंगठ्याची पट्टी सुटली होती.

"आज तेल जरा जड पडलंय का?" त्यांनी विचारलं.

"तेल मशीन टाकतं," मेकॅनिक म्हणाला. "मशीनला तुमच्याशी वैर नाही."

वहिनी दोनदा लायसन्सच्या परीक्षेत नापास झाली होती आणि त्याच दिवशी दुपारी तिचा मास्तरांकडे क्लास होता. बाजारामागच्या रस्त्यावर ती दुसऱ्या गिअरमध्ये गाडी नेत होती. पुढे एक हातगाडी रस्ता ओलांडत होती. वहिनीने ती पाहिली, पाय उचलला, आणि ब्रेकवर ठेवणार तोच गाडी थांबली. वहिनीने हँडब्रेक ओढला आणि मान वाकवून सीटखाली बघितलं.

"काय शोधताय?"

"तुमचा पाय. अजून दाबलेलाच आहे."

"हातगाडी होती, वहिनी."

"मला दिसली होती. माझा व्यवसाय काय आहे?" ती बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिली. "तिथेही हाच आहे. लाइन दिसली की हा ब्रेक मारतो. तुम्ही बॉल नाही सोडत भावोजी, गाडी थांबवता."

 मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मास्तरांनी स्वतःच्या पायाकडे अशा नजरेने पाहिलं, जशी एखादा बाप शाळेतून तक्रार आलेल्या मुलाकडे बघतो.

वहिनीने तोडगा काढला. यापुढच्या क्लासला मास्तरांनी उजवा पाय सीटवर मांडी घालून ठेवायचा. मास्तर म्हणाले, हे नियमात बसत नाही. वहिनी म्हणाली, दोनदा नापास होणं नियमात बसलं, मग हेही बसवा. शेवटी तडजोड झाली: पाय खालीच, पण ब्रेकपासून दूर, डाव्या पायावरून नेऊन दाराला टेकवून.

गावाबाहेर दवाखान्याच्या मागे एक उताराचा रस्ता होता, वर्दळ नसलेला, खाली वळण आणि वळणावर भिंत. वहिनीने गाडी उताराला लावली.

"वहिनी, क्लच."

"कळलं."

"वहिनी, वेग."

"भावोजी, भिंत मलाही मारणार आहे. एकट्या तुम्हाला नाही."

भिंत जवळ येत गेली. तिच्यावरची जाहिरात आधी रंग होती, मग अक्षरं झाली, मग वाचता आली.  मास्तरांनी दाराची मूठ धरली, डोळे मिटले, लगेच उघडले. पाय सुटायला बघत होता आणि मास्तर त्याला दाराशी दाबून धरत होते. वहिनीने ब्रेक दाबला. जरा उशिरा दाबला, जरा जोरात दाबला, पण स्वतः दाबला. गाडी वळणाच्या अलीकडे थांबली.

"थांबली," वहिनी म्हणाली. तिने हँडब्रेक ओढला.

"थांबली," मास्तर म्हणाले. दाराची मूठ अजून धरलेलीच होती.

अंतिम सामन्यापर्यंत ते रोज त्या उतारावर जात राहिले. सकाळी तेलाची लेन, दुपारी उतार. लेनवर पाय कधी घसरायचा, कधी अडायचा. कधी काय करील, हे पायाशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

सामन्याच्या दुपारी विरुद्ध संघ आत आला आणि मास्तर आधी त्यांचे हात बघू लागले. त्यांच्यात दोघं डावखुरे होते. एरवी डावखुऱ्याचं एक सुख असतं: त्याच्या बाजूच्या तेलावरून दुसरं कोणी जात नाही, ते शेवटपर्यंत जसंच्या तसं राहतं. आज ते दोघं प्रत्येक पाळीला डावीकडचं तेल आपल्या बॉलवर पुसून नेणार होते.

"भाडेकरू आले रे तुझ्याकडे," मागून दादा म्हणाला.

तीनपैकी पहिला गेम मास्तरांच्या संघाने घालवला, दुसरा बेकरीवाल्याने एकहाती ओढून आणला. त्या दुसऱ्यात मास्तरांचा पाय एकदा अडला. धप्प आवाज सगळ्या हॉलने ऐकला.  जावई खाली वाकून जोड्याची नाडी बांधू लागला.

"एकदा झालं," मास्तर तिच्याशेजारी बसत म्हणाले. "मोजलंत का?"

"मोजलं. हे उतारावरच्या पहिल्या दिवसात धरून सोडते. पुढचं नाही सोडणार."

तिसऱ्या गेमला डावी बाजू कोरडी पडली. तोच बॉल, तोच हात, पण बॉल आता आधीच वळायचा आणि पहिल्या पिनेच्या पलीकडे जायचा. मास्तर पायाखालच्या लाकडाची एक फळी उजवीकडे सरकले, मग आणखी दोन. जिथे ते उभ्या जन्मात उभे राहिले नव्हते तिथून आता खेळायचं होतं. पाय घसरत होता. दर वेळी लाइन अंगावर आल्यासारखी वाटायची, आणि दर वेळी ते मनातल्या मनात दाराची मूठ धरायचे.

शेवटच्या पाळीला हिशोब सोपा होता. दोन बॉलमध्ये दहाही पिना पडल्या, तर सामना यांचा. एक जरी उभी राहिली, तर त्यांचा.  बेकरीवाला जावयाच्या पिशवीचं चाक पायाने मागेपुढे करत होता.

मास्तरांनी बॉल पुसला आणि चालायला सुरुवात केली. शेवटचं पाऊल पडलं, घसरलं, घसरतच राहिलं आणि लाइनच्या अलीकडे बोटभर अंतरावर थांबलं. लाइन ओलांडल्याचा लाल दिवा लागला नाही. बॉल आवाज न करता उतरला, लांब जाऊन वळला, पण पहिल्या पिनेला जरासा कडेने लागला. नऊ पडल्या. डाव्या कोपऱ्यातली मागची एक डुलली आणि स्थिर झाली.

आता ती एक. कोपऱ्यातल्या पिनेला बॉल सरळ आणि वेगात जावा लागतो. हळू गेला, तर कोरड्या भागावर वळून पिनेला चुकवतो. पाय अडला, की वेग गेलाच. मास्तर उजव्या टोकाला उभे राहिले. वर्षभर ते ही पीन थोडं बाहेरून नेम धरून पाडत आले होते. बॉल हळू येई, जरासा वळे, आणि बरोबर पिनेवर जाई. हाताला तो नेम पाठ होता.

ते निघाले. पाय पडला आणि असा घसरला, जसा त्या वर्षाआधी घसरायचा. बॉल सुटला, सुसाट गेला, वळला नाही. जिकडे नेम होता तिकडेच गेला: पिनेच्या थोडं बाहेर. पिनेच्या अगदी शेजारून, तिला वारा घालत, तो गटरमध्ये उतरला.

पलीकडचा संघ उड्या मारू लागला. बेकरीवाल्याने डोळ्यांवर हात घेतला. मास्तर लाइनपाशी तसेच उभे होते.

वहिनीची नजर अजून फळ्यांवरच होती. "पडली का हो?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तू कुठे बघत होतीस?"

"पायाकडे."

"नाही पडली. हरलो."

"अरेरे," वहिनी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं; तिने रुमाल घडी करून परत उलगडला. मग उठून मास्तरांजवळ गेली. "घसरला."

"नेम चुकला, वहिनी."

"नेम अडणाऱ्या पायाचा होता. नवा चष्मा लागला, की माणूस पहिल्या दिवशी पायरीवर अडखळतो. गिऱ्हाइकं येऊन मला शिव्या देतात. आठवड्याने विसरतात." तिने रुमाल पर्समध्ये टाकला. "जागा तुमचीच. बोलले होते मी."

"सासरेबुवा," जावई हळूच बेकरीवाल्याला म्हणाला, "मी जोडे काढू?"

"काढा, काढा. पुढच्या वर्षापर्यंत घालून बसणार आहात का?"

परत जाताना दादाच्या घरच्या गाडीची किल्ली वहिनीने मागून घेतली. शिकाऊ लायसन्स पर्समध्ये होतं, मास्तर शेजारी बसले, दादा गुडघा लांब करून मागे. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर शाळा सुटल्याची गर्दी होती. पुढची बस एकदम थांबली. वहिनीने ब्रेक दाबला, वेळेत आणि हळुवार. गाडी बसच्या मागे छान अंतर ठेवून उभी राहिली.

वहिनीने मान न वळवता विचारलं, "भावोजी, काय करताय?"

मास्तरांनी खाली पाहिलं. घरच्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता. नुसती रबरी चटई होती, आणि त्यांचा उजवा पाय ती जीव खाऊन दाबत होता.

"काही नाही," म्हणत त्यांनी पाय उचलून दाराला टेकवला.