फुग्यावरची दाढी

"सैल सोडा की मास्तर, मान काय पळून जात न्हाय!" असं म्हणत मामा एका हाताने हनुवटी आणि दुसऱ्याने डोकं धरायचे आणि कडकन मान मोडायचे. आमच्या गल्लीतले निम्मे लोक त्यांच्या सलूनमध्ये केस कापायला कमी आणि मान मोडून घ्यायला जास्त जायचे. तुमच्या माहितीतही असं एखादं सलून असेलच.

मामा सकाळी कुंभारीहून सायकलवर यायचे, शटर उघडायचे, तंबाखू मळायचे. गिऱ्हाईक नसलं की स्वतःचीच मान मोडत बसायचे.

एकदा माझ्या गालाला साबण लावून झाला आणि त्यांच्या हातातून वस्तरा खाली पडला. उचलायला गेले तर उजवा हात ऐकेना, बोलायला गेले तर शब्द वाकडे. मी तसाच साबणाच्या तोंडाने त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात नर्सने तोंडावरचा फेस बघून आधी मलाच स्ट्रेचरवर झोपवायला घेतलं.

काही दिवसांनी बोलणं सुधारलं, तेव्हा डॉक्टरांनी मामांच्या डोक्यातल्या नसांचा फोटो दाखवला. मानेतली डावी मोठी नस पूर्ण बुजली होती आणि आता उघडण्यातली नव्हती. पण मेंदूतल्या उजवीकडच्या आणि मागच्या बारीक नसा रुंद होऊन डाव्या बाजूलाही रक्त पोचवत होत्या. "थोडक्यात निभावलं ते या बारीक नसांमुळे," डॉक्टर म्हणाले. "आता यांना जपा. तंबाखू बंद, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि मानेला झटका अजिबात नको."

मामा फोटोकडे बघतच राहिले. "मला न सांगता डोस्क्यात एवढं काम चाललंय व्हय!" मग उशीखाली लपवलेली तंबाखूची पुडी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "त्येनी एवढं वझं उचललंय. मी निदान ह्ये तरी टाकतो की."

टाकली ती टाकलीच. लोकांच्या माना मोडणंही बंद. एक पैलवान हट्टालाच पेटला, तेव्हा मामांनी हात जोडले. "टक्कल कर म्हन, करतो. मानंला हात लावनार न्हाय." पैलवान रागारागाने दुसऱ्या सलूनमध्ये गेला. मामांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांचा जीव अडकला होता उजव्या हातात. वस्तरा धरला की बोटं थरथरायची. आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही, हात पुन्हा ताळ्यावर आला नाही तर सलूनला कुलूप, हे त्यांना कळत होतं आणि आम्हालाही.

या धंद्यात नवशिक्याला आधी फुग्यावर दाढी शिकवतात. फुगवलेल्या फुग्याला साबण लावायचा आणि तो न फोडता वस्तरा फिरवायचा. मामांनी या वयात पुन्हा तेच सुरू केलं. दुपारी शटर अर्धं ओढून बसायचे. फट्ट! जरा वेळाने पुन्हा फट्ट!

"मामा, वाढदिवस कुणाचा?" समोरचा पानवाला ओरडायचा.

"माझाच हाय," म्हणत मामा पुढचा फुगा फुगवायचे.

एका दुपारी आवाज आलाच नाही. मी शटरखालून वाकून बघितलं, तर मामा दाढी करून झालेला अख्खा फुगा मांडीवर घेऊन रडत होते. मी आत शिरून खुर्चीत बसलो आणि मान मागे टेकवली.

वस्तरा गळ्याशी आला आणि थांबला. "भ्या वाटतंय व्हय, मास्तर?"

"नाही," मी खोटंच बोललो.

"मला लई वाटतंय," ते म्हणाले आणि त्यांनी वस्तरा चालवला. कुठे ओरखडासुद्धा उठला नाही.

त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी दाढ्या केल्या. गेल्या उन्हाळ्यात कुंभारीला झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळपर्यंत सलून उघडं होतं. इतका चिवट माणूस मला दुसरा भेटला नाही, आणि मला त्यांची फार आठवण येते. दाढी मी आता घरीच करतो. कानाखाली रोज थोडी राहून जाते.